गाडी कितीची घ्यावी? आकडा महिन्याच्या हिशोबातून काढा

गाडी घ्यायची ठरली की घरात पहिला प्रश्न निघतो, "कोणती?" मग यूट्यूबवरचे रिव्ह्यू, शेजाऱ्यांचं मत, मेहुण्याच्या ओळखीतला सेल्समन. "कितीची?" हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा शोरूमच्या टेबलावर सुटतो, आणि तोही समोरचा माणूस सोडवतो. "साहेब, ईएमआयमध्ये फक्त अडीच हजारांचा फरक पडतोय, वरचं व्हेरिएंटच घ्या ना." त्या क्षणी अडीच हजार खरंच थोडे वाटतात. पाच वर्षांचे ते दीड लाख होतात, हे टेबलावर कुणी बोलत नाही.

या लेखात क्रम उलटा आहे. आधी गाडीपायी घरातून महिन्याला किती पैसे जाऊ शकतात ते ठरवायचं, त्यावरून गाडीची किंमत काढायची, मग नवी की जुनी ते बघायचं आणि मॉडेलचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं. कराचे आकडे महाराष्ट्रातले आहेत. पेट्रोलचे भाव आणि व्याजदर मी हिशोबासाठी धरलेले आहेत, तिथे तुमच्या शहरातले आणि तुमच्या बँकेचे घाला.

गाडीचा महिना

इंटरनेटवर २०-४-१० असा एक नियम सारखा भेटतो: २० टक्के डाउन पेमेंट, ४ वर्षांचं कर्ज, आणि गाडीचा सगळा खर्च पगाराच्या १० टक्क्यांत. पहिले दोन भाग चांगले आहेत. तिसरा आपल्याकडे फसतो, कारण सारख्या पगाराच्या दोन घरांची परिस्थिती अजिबात सारखी नसते. एका घरात गावाकडे पैसे जातात, आईवडिलांची औषधं असतात, धाकट्या भावाचं शिक्षण चालू असतं. दुसऱ्या घरात राहतं घर वडिलोपार्जित, हप्ता शून्य. म्हणून पगाराची टक्केवारी सोडा आणि महिन्याअखेर हातात काय उरतं ते बघा.

नाशिकमधलं एक जोडपं धरू. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ८५ हजार. घराचा हप्ता २४ हजार. किराणा, लाइट बिल, मुलांची फी, घरखर्च ३२ हजार. आईवडिलांची औषधं ५ हजार. आरडी, एसआयपी आणि आरोग्य विम्यासाठी बाजूला १२ हजार. उरले १२ हजार. इथे एक पथ्य कडक पाळा: बचतीचे १२ हजार "गाडी फिटेपर्यंत थांबवू" म्हणून या हिशोबात ओढायचे नाहीत. ज्या गाडीसाठी बचत थांबवावी लागते ती गाडी तुमच्या ऐपतीपेक्षा मोठी आहे.

आता गाडी आल्यावर कोणता खर्च खरोखर कमी होईल ते बघा. रिक्षा, ओला-उबर, गावी जाताना केलेली भाड्याची गाडी. समजा महिन्याला सरासरी अडीच हजार वाचतील. म्हणजे गाडीचा महिना झाला साडेचौदा हजार. यातून आधी चालवण्याचा खर्च वजा होतो आणि उरेल तेवढाच ईएमआय. शोरूममध्ये नेमकं याच्या उलट होतं, सगळी शिल्लक ईएमआयला जाते आणि पेट्रोल क्रेडिट कार्डावर.

चालवण्याचा खर्च असा. महिन्याला ५०० किलोमीटर, शहरात लिटरला १५ चं ॲव्हरेज, पेट्रोल १०५ रुपये धरलं तर साडेतीन हजार. कंपनीचा मायलेजचा आकडा इथे वापरू नका, तो चाचणीतला असतो. विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी यांसाठी वर्षाला ३० हजार, म्हणजे महिन्याला अडीच हजार. टायर रोज घ्यावे लागत नाहीत म्हणून लोक ते धरत नाहीत, पण ४०-५० हजार किलोमीटरला चार टायरांचं बिल एकदम येतं, आणि बॅटरीही साधारण चार-पाच वर्षांत बदलावी लागते. सोसायटीचं पार्किंग, गाडी धुणाऱ्याचे पैसे, टोल मिळून एक हजार. एकूण ७ हजार. राहिले साडेसात हजार. हा या घराचा जास्तीत जास्त ईएमआय.

टोलबद्दल एक गोष्ट. फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ ला ३ हजार रुपयांना सुरू झाला, पण तो राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलनाक्यांवर चालतो. मुंबई-पुणे एक्सप्रेस वे आणि समृद्धी महामार्गावर तो चालत नाही. दर महिन्याला पुण्याहून मुंबईला जाणाऱ्यांनी हा खर्च वेगळा धरावा.

ईएमआयवरून कर्ज, कर्जावरून किंमत

साडेनऊ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली तर दर लाखाला सुमारे २,१०० रुपये हप्ता बसतो. साडेसात हजारांत साडेतीन लाखांचं कर्ज बसलं. आता बचतीकडे वळा. सहा महिन्यांच्या घरखर्चाइतके पैसे अडीअडचणीसाठी बाजूला ठेवून जे उरतात तेच डाउन पेमेंटचे. या जोडप्याकडे असे दोन लाख आहेत असं समजू. म्हणजे नव्या गाडीसाठी बजेट साडेपाच लाख ऑन-रोड, म्हणजे कर, विमा, नोंदणी सगळं धरून.

हा आकडा बघून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो, कारण मनात नऊ-दहा लाखांची एसयूव्ही असते. मग सेल्समन सात वर्षांचं कर्ज सुचवतो. पाच लाखांच्या कर्जावर साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साधारण १०,५०० येतो आणि एकूण व्याज १ लाख ३० हजार. तेच सात वर्षांवर नेलं की हप्ता ८,२०० च्या आत येतो, पण व्याज १ लाख ८६ हजारांपर्यंत जातं. शिवाय सातव्या वर्षी गाडीचे टायर, सस्पेन्शन, क्लच यांचा खर्च आणि हप्ता एकत्र चालू असतो. माझं मत स्पष्ट आहे: पाच वर्षांत फिटत नसेल तर एक पायरी खालची गाडी बघा.

जुन्या गाडीच्या कर्जात एक वेगळी गोष्ट सांभाळायची. काही फायनान्सवाले "आठ टक्के फ्लॅट" असं सांगतात. ऐकायला नव्या गाडीपेक्षाही स्वस्त वाटतं. तीन लाखांवर चार वर्षं आठ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज ९६ हजार आणि हप्ता ८,२५०. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, तरी व्याज पूर्ण तीन लाखांवरच मोजलेलं असतं. घटत्या शिलकीच्या हिशोबाने हाच दर १४ टक्क्यांच्या वर जातो. म्हणून दर विचारताना "रिड्यूसिंग किती?" एवढंच विचारा. त्यासोबत प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडलं तर काय आकारणार, हेही लेखी घ्या.

जुन्या गाडीच्या कर्जाला १३ टक्के आणि चार वर्षं धरली तर लाखाला साधारण २,७०० हप्ता. आपल्या नाशिकच्या घराला साडेसात हजारांत पावणेतीन लाख मिळतात. हातातले दोन लाख धरून पावणेपाच लाख. त्यातून ४० हजार पहिल्या महिन्याच्या कामासाठी आणि कागदपत्रांसाठी काढून ठेवा, कारण जुनी गाडी घेतली की ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, कधी दोन टायर, नावावर करण्याचा खर्च आणि विमा हे लागतंच. म्हणजे गाडीची किंमत ४ लाख ३५ हजारांच्या आत.

एक्स-शोरूम आणि ऑन-रोड यांच्यामध्ये काय काय असतं

महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि त्यावर १३ टक्के एकरकमी कर लागतो. डिझेलला १३, १४, १५. सीएनजीला १ जुलै २०२५ पासून ८, ९, १०. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर कर याहून बराच जास्त.

सात लाख एक्स-शोरूमच्या, म्हणजे हा कर, विमा आणि नोंदणी धरण्याआधी सात लाखांच्या पेट्रोल गाडीवर कर ७७ हजार. पहिल्या विम्यात तीन वर्षांचं थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचं) कव्हर सक्तीचं असतं, त्यामुळे विमा ३०-४० हजारांच्या घरात जातो. नोंदणी शुल्क ६०० आणि कर्ज असेल तर बोजा चढवण्याचे १,५०० हे किरकोळ. फास्टॅग धरून गाडी ८ लाख १० ते २० हजारांना पडते.

कर संपूर्ण किमतीवर लागतो, टप्प्यावरच्या फरकावर नाही. म्हणून १० लाखांची रेषा जपून ओलांडा. ९ लाख ९५ हजारांच्या गाडीला कर १ लाख ९ हजार. १० लाख १० हजारांच्या गाडीला १ लाख २१ हजार, आणि वर एक टक्का टीसीएस (डीलरने गोळा करून तुमच्या नावावर भरलेला आयकर), म्हणजे आणखी दहा हजार आजच मोजायचे. टीसीएस आयकर विवरणपत्रात वळता होतो, बुडत नाही, पण गाडी घेताना तो खिशात असावा लागतो. पंधरा हजारांच्या फरकासाठी जवळपास बावीस हजार जास्त जातात. रेषेच्या अलीकडे बसणारं व्हेरिएंट असेल तर ते आधी बघा.

कोटेशनवर "हँडलिंग चार्ज", "लॉजिस्टिक्स", "एसेन्शियल किट" अशा ओळी असतील तर त्या सरकारी नाहीत. काढून टाकायला शांतपणे सांगा. विमाही डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून तेवढ्याच कव्हरचं कोटेशन आणून टेबलावर ठेवलं की बऱ्याचदा डीलरचाच आकडा खाली येतो. सीट कव्हर, मॅट, टेफ्लॉन कोटिंग हे सगळं नंतर, बाहेर.

वर्षअखेरीला सवलती चांगल्या असतात. पण विकताना घेणारा उत्पादनाचं वर्षही बघतो. दहा वर्षं ठेवणार असाल तर डिसेंबरची सवलत बिनधास्त घ्या. तीन-चार वर्षांत बदलायची सवय असेल तर ती सवलत विकताना परत जाईल.

इंधनाचा हिशोब किलोमीटरवर

वरच्याच भावाने पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ७ रुपये. सीएनजी किलोला ८० रुपये आणि २४ चं ॲव्हरेज धरलं तर ३ रुपये ३० पैसे. फरक साधारण पावणेचार रुपये. सीएनजी व्हेरिएंट ९० हजारांनी महाग असेल तर तो फरक सुमारे २५ हजार किलोमीटरला वसूल होतो (करातल्या तीन टक्क्यांमुळे जरा आधीच). महिन्याला दीड हजार किलोमीटर पळणाऱ्याला दीड वर्षही लागत नाही. ५०० किलोमीटरवाल्याला चार वर्षं लागतात, आणि बहुतेक गाड्यांत डिकीची बरीच जागा कायमची जाते. पंपावरची रांग आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्टही (दाबाची चाचणी) आहेच.

डिझेल फक्त रोज लांब पळणाऱ्यांनी बघावं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सिक्स डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ होण्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर नीट तापावी लागते. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तुंबतो आणि खर्च मोठा निघतो. बॅटरीच्या गाडीला जीएसटी ५ टक्के, चालवण्याचा खर्चही सगळ्यात कमी. पण घरी किंवा सोसायटीत चार्जिंगचा पॉइंट मिळणार की नाही ते कमिटीकडून लेखी घेतल्याशिवाय बुकिंग करू नका.

नवी की जुनी

इथे जरा थांबून विचार करावा लागतो, कारण २२ सप्टेंबर २०२५ ला गणित बदललं. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर आधी २८ टक्के जीएसटी आणि एक टक्का उपकर होता, तो १८ टक्के झाला. ही कपात पूर्ण पोचली तर एक्स-शोरूम किंमत साडेआठ टक्क्यांच्या आसपास उतरते. ज्याने त्याआधी ८ लाखांना गाडी घेतली, तीच आज ७ लाख ३० हजारांच्या घरात मिळू शकते.

पण जुनी गाडी विकणारा स्वतःच्या बिलावरून किंमत सांगतो. "मला साडेनऊ ऑन-रोड पडली, दोन वर्षं झाली, सव्वासात द्या." त्याच्या दृष्टीने तो सव्वादोन लाख सोडतोय. तुमच्यासाठी मात्र तुलना एकच: तीच नवी गाडी आज ऑन-रोड कितीला मिळते? ती साडेआठ लाखांना मिळत असेल तर जुनी सव्वासातला घेण्यात अर्थ नाही. एक ते तीन वर्षांच्या गाडीला आजच्या ऑन-रोड किमतीपेक्षा निदान २५ टक्के कमी पडत नसेल तर मी नवीच घ्यायला सांगेन. नव्याचं कर्ज स्वस्त, वॉरंटी पूर्ण, आणि गाडी पहिल्यापासून कशी वापरली ते तुम्हाला ठाऊक.

जुन्या गाडीचा खरा फायदा चार ते सात वर्षांच्या गाड्यांत आहे. किमतीची मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि नोंदणीची आठ-अकरा वर्षं शिल्लक असतात. साडेचार लाखांच्या आत सहा-सात वर्षांची बलेनो किंवा आय-ट्वेंटी, थोडी अलीकडची वॅगनआर बघता येते. तेवढ्याच ईएमआयमध्ये नव्यात ऑल्टो के-टेन, एस-प्रेसो किंवा क्विडच्या खालच्या व्हेरिएंटपर्यंत पोचता येतं. चौघं जण, सामान आणि वर्षातून दोनदा घाट असेल तर मी जुनी मोठी घेईन. घरात नवशिका चालक, गाडी रोज शहरातच, आणि चांगला ओळखीचा मेकॅनिक नाही, तर नवी छोटी.

दहा-बारा वर्षांची गाडी दीड-दोन लाखांत मिळते म्हणून मोह होतो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर तपासणी, नूतनीकरणाचं शुल्क (कारला ५ हजार) आणि पर्यावरण कर. बारा वर्षांची गाडी घेताना तुम्ही तीन वर्षं विकत घेताय, त्या हिशोबानेच भाव लावा.

दिल्लीच्या स्वस्त गाड्यांबद्दल खूप विचारलं जातं. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे त्या बाहेर विकल्या जातात. भाव खरोखर कमी असतो. पण दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर फॉर्म २८ ची एनओसी (ना हरकत पत्र), इथली नवी नोंदणी आणि इथला कर भरावा लागतो. हे सगळं किमतीत मिळवून बघा, बहुतेक वेळा स्वस्ताई संपलेली असते.

जुनी गाडी बघताना भाव कशावर पाडायचा

भेटीची वेळ सकाळची घ्या आणि मालकाला सांगा की गाडी आधी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर थंड इंजिन सुरू होताना येणारा आवाज किंवा धूर तुम्हाला दिसू नये अशी शंका घ्यायला जागा आहे.

किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, म्हणून त्याला साक्षीदार शोधा. अधिकृत सर्व्हिस सेंटरची नोंद मागा. टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २०२१ ची गाडी, मीटरवर १८ हजार, आणि टायर २०२४ चे, तर मीटर किंवा गोष्ट यांतलं एक खोटं आहे. सगळ्या काचांवरचे कोड बघा. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर ती का बदलली ते विचारा. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर ते खोललेले आहेत.

चालू विम्याची पॉलिसी हा फार बोलका कागद आहे. दर वर्षी क्लेम न केल्यास नो क्लेम बोनस (विम्याच्या हप्त्यातली सवलत) २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढतो. पाच वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर तो शून्य असेल तर बहुधा नुकताच क्लेम झाला आहे. कशाचा, ते बिलासकट बघा.

पुराची गाडी हा आपल्याकडचा मोठा धोका. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण पाण्यात गेलं, आणि भिजलेल्या गाड्या साफ करून दुसऱ्या जिल्ह्यांत विकता येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. स्टेपनीच्या खड्ड्यात, कार्पेटखाली, सीटच्या रुळांवर गंज आणि माती शोधा. अशी खूण सापडली तर भाव पाडत बसू नका, निघा. वायरिंगमध्ये गेलेलं पाणी वर्षानंतरही त्रास देतं.

बाकी सगळं पटलं की मेकॅनिकला नेऊन गाडी तपासून घ्या, त्याला दीड-दोन हजार द्यावे लागले तरी द्या. त्याने काढलेल्या कामांची यादी आणि अंदाजे खर्च कागदावर घ्या आणि तोच कागद घेऊन भाव करा. "थोडं कमी करा" यापेक्षा "क्लच आणि दोन टायर, एवढे होतात" याला उत्तर देणं विकणाऱ्याला अवघड जातं.

पैसे देण्याआधी

परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव, कितवा मालक, विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. ई-चलान थकलेली असतील तर ती विकणाऱ्याने भरायची. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबर प्लेट बसली आहे का तेही बघा.

टोकन पाच-दहा हजारांच्या वर नको, आणि त्याची पावती घ्या. व्यवहाराच्या दिवशी गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, मूळ आरसी (नोंदणीचा दाखला), दोन्ही चाव्या, आणि गाडीचा ताबा कोणत्या तारखेला किती वाजता दिला याचं दोघांच्या सहीचं पत्र. त्या वेळेच्या आधीचं चलान त्यांचं, नंतरचं तुमचं. आरसी नावावर होईपर्यंत रकमेतले दहा-पंधरा हजार राखून ठेवण्याची अट आधीच बोलून घ्या. सरळ माणूस याला हरकत घेत नाही.

राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टीचं कव्हर गाडीसोबत येतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर नाव बदलल्याशिवाय उपयोगी पडत नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, म्हणून नाव बदलताना विमा कंपनी तेवढा फरक तुमच्याकडून घेते. वर जे ४० हजार बाजूला काढायला सांगितले, त्यात हे पैसेही धरलेले ठेवा.